पिशवीवरची खाच

सिझर झालेल्या बाईचे टाके कसे भरलेत हे सगळं घर बघतं. सासू बघते, मालिशवाली बघते, सहा आठवड्यांनी दाखवायला गेल्यावर डॉक्टर बघतात आणि ‘छान भरलंय’ म्हणून मोकळे होतात. ही सगळी चर्चा पोटावरच्या कातडीची असते. त्या कातडीखाली, चरबी, स्नायूंवरचा चिवट पडदा आणि पोटाचं अस्तर ओलांडून गेल्यावर आणखी एक जखम असते. ती गर्भपिशवीची. ती कशी भरली हे कुणी पाहत नाही. वरची रेघ केसाएवढी बारीक उमटली म्हणून आतलीही तशीच असेल, असं काही नसतं.

ही आतली जखम शिवायची असते, हेसुद्धा वैद्यकाला फार उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, तुरळक अपवाद सोडले तर, युरोपातले सर्जन पोट शिवत आणि पिशवी तशीच उघडी सोडत. पिशवी आपली आपण आकसते, टाके घातले तर पुढे ते काढणार कोण, असा त्यामागचा विचार होता. रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने बहुतेक बायका दगावत. १८७६ मध्ये इटलीतल्या पाव्हिया गावी एदुआर्दो पोर्रो याने यावर एक जालीम उपाय काढला. बाळ बाहेर काढल्यावर पिशवीच कापून टाकायची. बाई वाचली, पण पुढचं मूल होण्याचा प्रश्न तिथेच मिटला. १८८१ मध्ये जर्मनीत फर्डिनांड केहरर याने पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद घेऊन तो शिवला. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या माक्स सेंगर याने पिशवी नीट थर जुळवून शिवलीच पाहिजे, असा ग्रंथच लिहिला. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. सिझरनंतर आई जिवंत घरी जाऊ शकते, हे शक्य झालं ते या टाक्यांमुळे.

तरी त्यानंतरची चाळीसेक वर्षं छेद बहुधा उभा आणि वरच्या जाड भागातच घेतला जाई. असा व्रण पुढच्या बाळंतपणात फाटण्याची भीती मोठी. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिनने एकदा सिझर झालं की पुढे कायम सिझरच, अशा अर्थाचं जे वाक्य लिहिलं आणि जे आजही आपल्याकडे वेदवाक्यासारखं सांगितलं जातं, ते त्या उभ्या छेदाच्या काळातलं आहे. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर याने खालचा आडवा छेद रूढ केला आणि तोच आज जगभर चालतो. छेद बदलला, वाक्य मात्र राहिलं.

आता तो छेद जवळून पाहू, कारण पुढचं सगळं त्या दहा सेंटिमीटरमध्ये घडतं. पोट उघडलं की मूत्राशय आणि पिशवी यांच्यामधली पातळ घडी दिसते. सर्जन ती कापून मूत्राशय थोडं खाली सरकवतो. मग पिशवीवर मधोमध छोटा छेद घेतो आणि दोन बोटांनी तो दोन्ही बाजूंना रुंद करतो. बाळ येतं, वार येते. जखमेच्या कडा रुंद तोंडाच्या चिमट्यांनी धरल्या जातात. या चिमट्याला ग्रीन-आर्मिटेज म्हणतात. हा ग्रीन-आर्मिटेज कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवायचा, हे आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरांत रोज तो चिमटा मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मग विरघळणाऱ्या धाग्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग शिवण घातली जाते. पाच-सात मिनिटांचं काम. मात्र जोडायच्या दोन्ही कडा सारख्या नसतात. वरची कड पिशवीच्या अंगाकडची, जाड आणि मांसल. खालची कड पिशवीच्या तोंडाकडची, पातळ. जाड गोधडीला जुन्या लुगड्याचा पातळ काठ जोडावा तशी ही शिवण आहे. पुढच्या सहा आठवड्यांत सगळी पिशवी आकसून मुठीएवढी होते आणि तेवढ्यात ही शिवण भरून यायची असते.

बऱ्याच जणींत ती पूर्ण जाडीने भरत नाही. आतल्या बाजूने, म्हणजे पिशवीच्या पोकळीकडून, व्रणाच्या जागी एक खाच राहते. सोनोग्राफीच्या अहवालात तिला ‘स्कार डिफेक्ट’, ‘निश’ किंवा ‘इस्थमोसील’ असं लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. ऑस्ट्रेलियातल्या पॉयडेव्हिन यांनी १९६१ मध्ये पिशवीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये अशा पाचरीच्या आकाराच्या खाचा दाखवल्या होत्या. १९९५ मध्ये मॉरिस या पॅथॉलॉजिस्टने सिझर झालेल्या बायकांच्या काढलेल्या पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि बायकांच्या काही तक्रारींचं मूळ या व्रणातच असू शकतं, असं मांडलं. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, म्हणजे टीव्हीएसमध्ये, व्रणाच्या जागी स्नायूत किमान २ मिलिमीटर खोल खळगा दिसला तर त्याला खाच म्हणावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलं. नुसती खोली पुरेशी नसते. खाचेच्या पलीकडे, मूत्राशयाच्या बाजूला किती स्नायू शिल्लक आहे, हा आकडा जास्त महत्त्वाचा.

अशी खाच किती जणींना असते? वेगवेगळ्या अभ्यासांत साध्या टीव्हीएसवर २४ ते ७० टक्के, आणि पिशवीत थोडं सलाइन सोडून तपासलं तर ५६ ते ८४ टक्के. म्हणजे खाच दिसणं हा अपवाद नव्हे. सिझर झालेल्या निम्म्या बायकांना जी गोष्ट असते तिला सरसकट आजार म्हणणं मला पटत नाही. तक्रार नसेल तर अहवालातल्या त्या ओळीने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. तक्रार असेल तर मात्र तिच्याकडे काणाडोळा करणं तितकंच चूक.

तक्रार कशी असते? पाळी चार-पाच दिवसांत आटोपते. बाई डोक्यावरून आंघोळ करते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकिरी डाग. थेंबभर, पण रोज. कधी दोन दिवस, कधी आठ. झालं असं की पाळीचं थोडं रक्त त्या खळग्यात साचून राहिलं, आणि आजूबाजूचा व्रणाचा भाग नीट आकसत नसल्याने ते हळूहळू झिरपत राहिलं. खळग्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून ताजं रक्तही त्यात मिसळतं. खाच असलेल्या साधारण तीनपैकी एकीला असे डाग पडतात. महिन्यातले बारा-तेरा दिवस पॅड लावून राहणं म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यात घरात शिवाशिव पाळली जात असेल तर देवाचं करायचं की नाही, हळदीकुंकवाला जायचं की नाही, असे प्रश्न दर महिन्याला. काहींना पाळीत जास्त दुखतं, काहींना संबंधाच्या वेळी. काहींचं पहिलं मूल सिझरने झालं आणि दुसऱ्याला काही केल्या दिवस राहत नाहीत. खाचेतला स्राव पिशवीत उतरून तिथे पाणी साचत असेल तर गर्भ रुजायला ते वातावरण चांगलं नसतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ सोडायची नळी याच खाचेत अडकते, असाही अनुभव डॉक्टरांना येतो.

बाई डॉक्टरकडे जाते. थायरॉईड तपासलं जातं, हार्मोनच्या गोळ्या सुरू होतात, त्या बंद केल्या की डाग परत. सिझर कधी झालं आणि डाग कधीपासून, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहायचं बऱ्याचदा राहूनच जातं. मग कुणीतरी सांगतं, मुलं झालीत ना, मग काढून टाका पिशवी. हा सल्ला आपल्याकडे किती सहज दिला जातो, ते २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने पाहिलं. तिथल्या बायकांची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची होती. पण अंगावरून जाणं म्हणजे पिशवी काढणं, हे समीकरण तेच.

आता मूळ प्रश्न. एकीचा व्रण सपाट भरतो आणि दुसरीला खाच का राहते?

नातेवाईक सहसा टाक्यांना जबाबदार धरतात. एकेरी घातले की दुहेरी, हा प्रश्न डॉक्टरांच्या परिषदांतही वर्षानुवर्षं रंगला. नेदरलँड्समध्ये २,२९२ बायकांवर एक मोठी चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसं, निम्म्यांना एका थराची शिवण आणि निम्म्यांना दोन थरांची. नऊ महिन्यांनी पाहिलं तर पाळीनंतरच्या डागांचे दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखे, सरासरी सव्वा दिवसाच्या आसपास. त्याआधी ‘कोरोनिस’ नावाची चाचणी भारतासह सात देशांत पंधरा हजारांहून अधिक बायकांवर झाली होती. तीन वर्षांनी तपासलं तेव्हा एकेरी-दुहेरी थराने पुढच्या गर्भारपणात लक्षणीय फरक पडल्याचं तिथेही दिसलं नाही. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात अडकवून आवळत नेलेली एकेरी शिवण मात्र टाळावी, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. आवळलेल्या कडेला रक्तपुरवठा कमी होतो आणि ती पातळ भरते. म्हणजे टाक्यांना महत्त्व नाही असं नव्हे, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

जास्त वजन आहे ते छेद कुठे पडला याला. पिशवीच्या तोंडाच्या आत चिकट स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. छेद खाली, त्या ग्रंथींच्या प्रदेशातून गेला की शिवलेल्या दोन कडांमध्ये हा स्राव पाझरत राहतो आणि कडा एकमेकींना धरत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी ही गोष्ट थेट चाचणीने तपासली. काही बायकांचा छेद मूत्राशयाच्या घडीपासून दोन सेंटिमीटर वर घेतला, काहींचा दोन सेंटिमीटर खाली. काही महिन्यांनी खालच्या छेदाच्या गटात सुमारे ४१ टक्के जणींना मोठी खाच होती, वरच्या छेदाच्या गटात सुमारे ७ टक्के. शिवणीबद्दलच्या एवढ्या वर्षांच्या वादात असा ठळक फरक कधी दिसला नव्हता.

मग सर्जन छेद खाली का घेतो? मुद्दाम कुणी घेत नाही. कळा बराच वेळ चालल्या आणि तोंड पाच सेंटिमीटरच्या पुढे उघडलं की ते वर ओढलं जाऊन पिशवीच्या खालच्या भागात विरघळून गेल्यासारखं होतं. पिशवी कुठे संपली आणि तोंड कुठे सुरू झालं, हे नजरेला उमगत नाही. बाळाचं डोकं खाली रुतलेलं, वेळ थोडा, आणि नेहमीच्या जागी घेतलेला छेद प्रत्यक्षात तोंडातून जातो. पाच तासांहून जास्त चाललेल्या कळा, पाच सेंटिमीटरच्या पुढे उघडलेलं तोंड, कळा वाढवायला लावलेलं ऑक्सिटोसिनचं सलाइन या गोष्टींचा मोठ्या खाचेशी संबंध दिसतो तो बहुधा याच वाटेने. गावाच्या दवाखान्यातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, अशी वरात करून रात्री उशिरा टेबलावर आलेल्या बाईचं सिझर हे नेमकं असं सिझर असतं.

यावरून, मग आधीच तारीख ठरवून सिझर करून टाकलेलं बरं, असं कुणी म्हणेल, तर तो उफराटा न्याय झाला. नॉर्मल बाळंतपणाने पिशवीवर व्रणच पडत नाही, मग खाच कुठली? आणि खाचेची सगळ्यांत पक्की शिडी म्हणजे सिझरची संख्या. एकापेक्षा दोन, दोनापेक्षा तीन, तसतशी खाच असण्याची आणि ती मोठी असण्याची शक्यता वाढत जाते.

उरलेली कारणं बाईच्या शरीराची. काही जणींची पिशवी मागे, पाठीकडे झुकलेली असते. तो दोष नव्हे, ठेवण आहे. पण अशा पिशवीत व्रणाच्या जागी ताण पडतो आणि मोठ्या खाचा जास्त दिसतात. खाचेमुळे पिशवी मागे वाकते की वाकलेल्या पिशवीत खाच पडते, हा वाद अजून मिटलेला नाही. फिनलंडमध्ये ३७१ बायकांचा अभ्यास झाला. त्यात आधीचं सिझर, गर्भारपणातली साखर आणि वजन ही तीन कारणं स्वतंत्रपणे पुढे आली. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो बीएमआय, तो एका अंकाने वाढला की खाचेची शक्यता सहा टक्क्यांनी वाढत होती. साखर जास्त असेल तर कुठलीही जखम उशिरा भरते, पिशवीचीही. बाळंतपणातला जंतुसंसर्ग हेही एक कारण. साखर, वजन आणि जंतुसंसर्ग या तिन्हींवर बाईला आणि डॉक्टरला काहीतरी करता येतं, पिशवीच्या ठेवणीवर येत नाही. म्हणून गर्भारपणातली साखरेची तपासणी टाळू नये.

पुढच्या गर्भारपणाचं काय? भीती बहुतेकींना पिशवी फाटण्याची असते. आधीच्या सिझरनंतर नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करणाऱ्या सुमारे अठरा हजार बायकांचा अमेरिकेतला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिशवी फाटली ती ०.७ टक्के जणींची, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश बायका नॉर्मल बाळंत झाल्या. धोका खरा आहे आणि त्यासाठी रक्त, भूलतज्ज्ञ, तयार थिएटर असलेलं रुग्णालय हवं. पण क्रेगिनच्या वाक्याएवढा तो नाही. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असेल तर तो वाढतो. नवव्या महिन्यात व्रणाची जाडी मोजून फाटेल की नाही हे सांगता येईल, असा सर्वमान्य आकडा अजून कुणाकडे नाही.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दोन वेगळ्या गोष्टींची. पहिली, गर्भ थेट त्या व्रणाच्या खाचेतच रुजणं. साधारण दोन हजार गर्भारपणांत एकदा असं घडतं, असा अंदाज आहे. अशा गर्भावर नेहमीचं क्युरेटिंग केलं तर रक्तस्राव आवरत नाही. आधी सिझर झालेल्या बाईने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून सोनोग्राफीशिवाय गर्भ पाडणं जिवावर बेतू शकतं ते यासाठी. दुसरी गोष्ट, वार व्रणात घुसून चिकटणं. वार खाली, तोंडावर असेल, आणि बाईचं हे पहिलंच सिझर असेल, तर ती अशी रुतण्याची शक्यता ३ टक्के. दुसऱ्या सिझरला ११, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधली ही उडी पाहिली की सिझर किती वेळा, हा प्रश्न पहिल्याच सिझरच्या वेळी का विचारायला हवा, ते कळतं.

तो प्रश्न आपल्याकडे दिवसेंदिवस मोठा होतो आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरची होती, गोव्यात ३९.५, आणि देशभरात २१.५. देशातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३. यातली कित्येक सिझरं आई-बाळाचा जीव वाचवणारी होती, यात शंका नाही. सगळीच तशी होती, हे मात्र हे आकडे पाहून म्हणवत नाही.

तक्रार असेल तर उपचार आहेत, आणि ते पायरीपायरीने करायचे असतात. मूल नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी. पाळीच कमी झाली की खाचेत साचायला काही उरत नाही. त्याने भागलं नाही आणि खाचेपलीकडे किमान ३ मिलिमीटर स्नायू शिल्लक असेल, तर दुर्बिणीने खालूनच खाचेचा काठ तासून सपाट करतात, म्हणजे रक्त अडत नाही. नेदरलँड्समध्ये १०३ बायकांवर झालेल्या चाचणीत या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी डागांचे दिवस आठावरून चारावर आले. नुसती वाट पाहिलेल्या गटात ते आठाचे सात झाले. स्नायू ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर तासताना मूत्राशयाला भोक पडू शकतं. तिथे, आणि विशेषतः पुढे मूल हवं असेल तर, पोटातून दुर्बिणीने खाच कापून पिशवी नव्याने शिवतात. यानंतर पिशवी फाटणारच नाही, अशी हमी कुणी देत असेल तर ती घेऊ नका. पिशवी काढणं ही शेवटची पायरी आहे. तक्रार नसलेल्या खाचेची ‘दुरुस्ती’ करा म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून दुसऱ्याचं मत घ्यायला जावं.

आणि ज्यांचं सिझर झालंय किंवा होणार आहे त्यांना एक विनंती. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एलएससीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे खालचा आडवा छेद. तेवढ्यावर समाधान मानू नका. सिझरच्या वेळी तोंड किती उघडलं होतं, छेद कसा होता, तो कुठे वाढवावा लागला का, नंतर ताप आला का, एवढं डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. पुन्हा दिवस गेले तर पहिली सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यातच करा. सोनोग्राफी करणाऱ्याने विचारलं नाही, तरी आधी सिझर झालंय हे आपणहून सांगा आणि गर्भ व्रणापासून दूर आहे ना, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.